खालच्या पायरीवरची खारू

६ मार्च

खारू,

मायना मुद्दाम गाळलाय. 'प्रिय' लिहायला घेतलं तर हात अडखळला, आणि खोटं लिहायची मला सवय नाही.

फोन तू उचलत नाहीस. निरोप मात्र पाठवतेस. काय, तर म्हणे, 'आईच्या चित्रात तू मला इस्त्री फिरवून सपाट केलंस. घरात नको होते, आता चित्रातही नको झाले.' एवढं लिहून फोन बंद. वा गं वा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाड, पण आधी वाचशील. मी तुला ओळखते.

आई गेल्यावर तू आलीस, जेमतेम चार दिवस टेकलीस आणि चहा अर्धा टाकून बॅग उचललीस. का? तर मावशीनं भिंतीवरच्या चित्रावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, सगळे कसे छान वर उठून आलेत. धाकटी तेवढी हाताला लागतच नाही. हिला विसरली की काय?" बोलली मावशी, राग माझ्यावर. मी तेव्हा स्वयंपाकघरात सगळ्यांच्या कपबशा विसळत होते. माझ्या हातात इस्त्री नव्हती, साबण होता.

तुला त्या चित्राबद्दल माहीत तरी काय आहे? तू परगावच्या इस्पितळात परक्यांच्या आया उचलत होतीस. आपली आई मी उचलत होते. नर्स तू, आणि पाठीला पट्टा माझ्या! आईची डावी बाजू गेली तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला दाबायला रबरी चेंडू दिला. आईनं तो खिडकीतून खाली टाकला. "मी काय कुत्रं आहे?" म्हणाली. शब्द जड यायचे, पण हे वाक्य अगदी स्वच्छ आलं.

मग एकदा मी तिच्या पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळून कामाला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर पोळ्या ताटात वाळलेल्या आणि फॉइल चमच्यावर दाबून बसवलेली. चमचा काढून घेतला तरी फॉइलमध्ये चमचा तसाच उभा. आईनं तो मला असा दाखवला, की जणू चमच्याचा शोध तिनंच लावला. दुसऱ्या दिवशी किल्ली, मग कंगवा, मग माझा चष्मा. घरातली एक वस्तू जागेवर सापडेना.

पुठ्ठा मीच आणून दिला. मी कामाला जाते त्या बुटांच्या दुकानात खोक्यांना काय तोटा? रिकामी खोकी, पांढरा डिंक, सुतळी, कापसाच्या काड्या आणि काळ्या पॉलिशची डबी. एवढंच सामान. पुठ्ठा डाव्या कोपराखाली दाबून धरायची आणि उजव्या हातानं कापायची. मी मदतीला गेले की म्हणायची, "हात लावू नकोस." आकार कापून एकावर एक चिकटवायचे, कडेला सुतळी लावायची, वरून फॉइल अंथरून बोटानं बसवत न्यायची. मग पॉलिश फासायचं आणि फडक्यानं पुसायचं. खोलगट जागेत काळं राहतं, उंच जागा चमकतात. झालं उठावचित्र.

अशी पुष्कळ झाली, पण आपल्या घराच्या पायऱ्यांवर बसलेले आपण सगळे, हे सगळ्यात मोठं. बाबा वरच्या पायरीवर, त्यांच्याखाली आई, मधे मी आणि आमचे हे, आणि उजवीकडे खालच्या पायरीवर, बाबांच्या चपलांशेजारी तू. पूर्ण झालं तेव्हा मी नुसतं लांबून बघितलं. चादर बदलायची होती, औषध द्यायचं होतं, दुकानात उशीर झाला म्हणून मालकाचं ऐकून आले होते. कोण किती उंच आणि कोण किती बसकं, हे मोजत बसायला मला वेळ नव्हता. तुला बरा मिळाला.

आणि एक सांगते. त्या चित्रात सगळ्यात चकचकीत तूच आहेस. आमच्या सगळ्यांच्या अंगावर काळं आहे. तुझ्यावर काळ्याचा ठिपका नाही. आणखी काय हवं?

तुझी ताई

१५ मार्च

खारू,

उत्तर आलं. चला, वाचलंस तर.

पण काय ते उत्तर! 'तू आणि भावोजी बोटभर वर आलेले, मी कागदासारखी. आईच्या एका हातात एवढं सपाट करायची ताकदच नव्हती. खाई त्याला खवखवे.' आणि शेवटी हुकूम, 'माझा तुकडा कापून पाठव, बाकीचं तू ठेव.'

तुकडा? ते चित्र आहे की वाढदिवसाचा केक? तुला कापलं तर बाबांच्या चपला अर्ध्या जातील. ज्या बाबांनी तुला खांद्यावरून उतरवलं नाही, त्यांना अनवाणी बसवणार आहेस?

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "असं तिखट लिहू नकोस गं, तुटेल." मी म्हटलं, "तुटायला आधी जोडलेलं असावं लागतं." मग हे चहा करायला उठले. आमच्याकडे वाद असाच मिटतो.

आता इस्त्रीबद्दल. तू शिकलेली, म्हणून डोकं चालवशील असं वाटलं होतं. गरम इस्त्री फिरवली असती तर डिंक उकळून फॉइलला फोड आले असते. शिवाय इस्त्री केवढी आणि तू केवढी! तुला दाबताना बाबांच्या चपला आणि पायरीची कड दाबली गेली नसती? दोन्ही धड आहेत. येऊन बघ म्हटलं असतं, पण तू पाऊल ठेवणार नाहीस म्हणालीस ना.

मग सपाट कुणी केलं? कुणीच नाही. आईनं तुला केलीच तशी. आता ऐकायचंच आहे तर ऐक. एकदा ती डोंगराचं चित्र करत होती. पुढचं झाड उंच आणि मागचा डोंगर अगदी बसका. मी विचारलं, "एवढा मोठा डोंगर असा चपटा का?" तर म्हणाली, "जवळचं उंच. लांबचं बसकं." उठावचित्राचा नियमच आहे तो. जवळ असलेल्याला जास्त थर, लांब असलेल्याला एक. तू किती लांब होतीस ते तूच ठरव. मला वाटतं, एक थरसुद्धा तिनं मायेपोटीच दिला.

मावशी बोलली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हो, वाटलं! कुणीतरी, कुठंतरी, एकदाचा हिशेब बरोबर मांडला असं वाटलं. इतकी वर्षं मी दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून बूट चढवते, संध्याकाळी आईच्या पायाशी बसून मोजे चढवायचे, आणि रविवारी तुझा फोन आला की घरात सण असल्यासारखं. आई उशीला टेकून बसायची. केस विंचरून मागायची. फोनवर केस दिसतात का? पण विंचर म्हणायची! मग ते चित्र मांडीवर घेऊन, फोन कानाशी खांद्यानं दाबून तुझं सगळं ऐकायची. कुठल्या वॉर्डात कोण आजी, कुणाला इंजेक्शनची भीती. मी शेजारी उभी राहून तिची औषधं मोजायचे. मला कधी विचारलं नाही तिनं, आज दुकानात कोण आलं होतं म्हणून.

तुला खरं वाटावं म्हणून मी स्वतः एक चित्र करायला बसले. म्हटलं, दाखवूनच द्यावं, दाबून काही सपाट होत नाही. काय सोपं दिसतं ते! पुठ्ठा कापताना कात्री चालेना, म्हणून कात्रीला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. दोन थर चिकटवले, सुतळी लावली, वर फॉइल घातली. आईसारखी मधून कडेकडे बोटानं सरकवत नेली, तर नाकावर टर्रकन फाटली. दुसरी घातली, तीही फाटली. यांचा चेहरा काढला होता. हे बघून म्हणाले, "मी इतका भयंकर दिसतो?" मी म्हटलं, "आज दिसता."

तेव्हा कळलं, आईचा फॉइलचा रोल एवढ्या लवकर का संपायचा. मी ओरडायचे तिला. नवा रोल आणला की बघता बघता नुसती नळी उरायची. पायऱ्यांचं चित्र संपून, भिंतीला टेकवून किती दिवस झाले होते, नवीन काही ती करत नव्हती, तरी रोल संपायचा. आणि तिचा उजवा अंगठा कायम काळा. उशीचा अभ्रा काळा, चादर काळी, पाण्याच्या भांड्यावर काळा ठसा. मी धुऊन धुऊन दमले. विचारलं तर लहान मुलासारखा अंगठा मुठीत लपवायची.

तुकडा मिळणार नाही. माफी मागायची असेल तर पत्ता तोच आहे.

ताई

२१ मार्च

खारू,

उत्तर नाही. ठीक. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती?

आता मीच निकाल लावते. या रविवारी मी चित्र उघडणार आहे. तुझ्यावरची फॉइल ब्लेडनं कडेनं कापायची आणि खाली किती थर आहेत ते बघायचं. एकच निघेल. फोटो काढून पाठवीन. मग तू इथं यायचं, मावशीलाही बोलवीन, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं की ताईनं काही केलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आणि खाली दाबलेले थर निघाले, तर चित्र तुझं. अख्खं. मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही, तुझंही काढणार नाही. हे साक्षीदार आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला त्यात ओढू नका." म्हणजे कबूल.

ताई

२४ मार्च, रविवार

खारू,

उघडलं.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली आणि चित्र उताणं ठेवलं. यांना चष्मा लावून समोर बसवलं. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं, म्हणून तू आणखीच चकाकत होतीस. ब्लेड लावलं आणि तुझ्या डोक्याच्या कडेनं फॉइल कापली. उचलली. मला वाटलं, खाली पुठ्ठा दिसेल.

खाली फॉइल होती.

म्हटलं दोन घेतल्या असतील एकदम. तीही सोडवली. तिच्याखाली आणखी एक, गालावर भोक पडलेली. तिच्याखाली आणखी एक, कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटलेली. प्रत्येक फाटक्या फॉइलवर डिंक लावून नवी बसवलेली, तुझ्याच आकाराची, कडा आत दुमडून, शेजारच्या बाबांच्या चपलेला जराही न लागू देता. एका हातानं. मी धुणं वाळत घालताना नवऱ्याला हाक मारते, "एक टोक धरा." तिनं कुणाला हाक मारली असेल?

सगळी सोलून झाल्यावर पुठ्ठा लागला. मी म्हणाले, "बघा, एकच." हे पुढे वाकले आणि म्हणाले, "अगं, एक नाही. नीट बघ." कड ब्लेडच्या टोकानं उचकटून पाहिली. पाच थर होते, खारू. भिजून वाळलेल्या जुन्या वहीसारखे एकमेकांत गेलेले. सुतळीचा नुसता भुसा. आणि गालांच्या जागी कापसाचे दोन बोळे. तू लहानपणी गालात खाऊ साठवायचीस म्हणून तुझं नाव खारू पडलं, तसे फुगलेले गाल केले होते तिनं तुला. आता ते बोळे नाण्यासारखे चपटे झालेत. दुसऱ्या कुणाला गाल नाहीत. मी हात फिरवून पाहिलं.

मग मी माझ्यावरची फॉइल कापली. हे म्हणाले, "ते कशाला?" मी ऐकलं नाही. एकच फॉइल, पहिलीच. खाली दोन थर. खोक्यातून कापले तेव्हा होते तसे, कडा करकरीत, एका ठिकाणी तर आमच्या दुकानाचा बुटाचा नंबरसुद्धा वाचता येतो. सुतळीचा एक धागा हललेला नाही. मला कुणी हात लावलेला नाही, खारू. ज्या दिवशी चिकटवली त्या दिवसापासून मी तशीच कोरी.

मी पुष्कळ पळवाटा शोधल्या. म्हटलं, चित्र उजव्या हातानं धरायची, खालचा उजवा कोपरा धरायचा म्हणून अंगठा तुझ्यावर येत असेल. पण धरायला म्हणून आला असता तर तुझ्या पायांवर आला असता. खळगा चेहऱ्यावर आहे. पसरट, जरा तिरका. मी माझा अंगठा ठेवून पाहिला, बसला नाही. माझा अंगठा बाबांवर गेलाय. तुझा बसेल. तू आईचे हात घेतलेस.

म्हणजे दर रविवारी तू फोनवर तुझ्या वॉर्डातल्या आज्यांच्या गोष्टी सांगत होतीस आणि ती मांडीवरच्या तुला अंगठ्यानं कुरवाळत होती. रविवारीच कशाला, मी कामावर गेले की रोज. तुझ्या अंगावरचं पॉलिश तिच्या अंगठ्यावर, अंगठ्यावरून चादरीवर, आणि चादर माझ्याकडे. तुझी माया मी धुवत होते, साबण लावून!

म्हणून तुला काळं नाही. म्हणून तू सपाट. इस्त्री फिरली खरी, पण ती मी फिरवली नव्हती.

आता मला राग आला आहे, आणि तो नीट ऐकून घे, कारण ज्याच्यावर आलाय ते माणूस ऐकायला उरलं नाही. मी तिला उचललं, पुसलं, भरवलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. तिनं मला दोन थर दिले आणि वर एकदा बोट फिरवलं नाही. आणि नियम सांगते! म्हणे जवळचं उंच, लांबचं बसकं! खोटारडी. डोंगराला एक नियम आणि तुला एक.

मी हे सगळं मोठ्यानं बोलले. टेबलावर हात आपटला, तर पॉलिशची डबी उडाली. हे डबी उचलत म्हणाले, "तुला ती चित्रात कशाला चाचपेल? तू हाताशीच होतीस की."

मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." मग चहासुद्धा मीच केला.

त्यांना कळतं ते मला कळत नाही असं नाही. रात्री कूस बदलायला मी घेतलं की ती माझा दंड घट्ट धरायची, वळ उठायचे. ते होतंच. पण कळलं म्हणून राग जातो, असं कुणी सांगितलं? मलाही गाल करता आले असते तिला. कापूस काय महाग होता?

असो. मी पैज हरले. खाली दाबलेले थर निघाले, तेव्हा चित्र तुझं. शब्द म्हणजे शब्द. पण पोस्टानं पाठवणार नाही. उघडं चित्र आहे, पुठ्ठा भुसभुशीत झालाय, वाटेत तुझं उरलंसुरलं नाक जाईल. तुला यावं लागेल. आणि इस्त्रीचा शब्द परत घ्यावा लागेल, मावशीसमोर, कारण ती फिरवणारी मी नव्हे, हे तर आता सिद्ध झालं.

तुला पुन्हा उंच करू का, हे मला ठरवता येत नाही. खाली नवे थर घालून गाल फुगवता येतील. पण मग तो खळगा जाईल. त्यावर तुझा अंगठा बसतो का ते आधी बघ, मग ठरवू. तोवर मी काही चिकटवत नाही. टेबल अडलंय, आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो आहोत, तेव्हा फार दिवस लावू नकोस.

आणि आलीस की माझ्यावरूनही एकदा हात फिरव. कडा अजून बोटाला लागतात.

येताना फॉइलचा रोल आण, जाड मिळते ती. इथला सगळा तिनं तुझ्यावर संपवला.

तुझी ताई